घर जुंपून मिशिगनभर

मे उजाडला की मिशिगनमधल्या बऱ्याच घरांसमोर गुलाबी पाण्याचे ओघळ दिसू लागतात. इथल्या हिवाळ्यात पारा शून्याखाली पार उतरतो. अशा थंडीत पाणी गोठून ट्रेलरच्या नळ्या फुटू नयेत, म्हणून ऑक्टोबरातच त्यांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरून ठेवलेलं असतं. बर्फ सरला की ते धुऊन काढायचं, बॅटरी तळघरातून आणून जोडायची, टायरमधली हवा तपासायची, छताच्या सांध्यांवरचा लेप कुठे भेगाळला आहे का ते शिडी लावून पाहायचं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो. त्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारपासून आय-७५ या महामार्गावर उत्तरेकडे ट्रेलरांची रीघ लागते. इथला उन्हाळा खऱ्या अर्थाने त्या दुपारी सुरू होतो.

डेट्रॉइटच्या उपनगरात राहून आम्ही ही रीघ वर्षानुवर्षं नुसती पाहत होतो. आमची सुट्टी म्हणजे विमान, हॉटेल आणि संध्याकाळी वरणभात कुठे मिळेल याचा शोध. एका वर्षी उन्हाळाभर राहायला सासू-सासरे यायचे ठरले. दोन मुलं धरून सहा माणसं, त्यात सासूबाई माळकरी, बाहेरचं खाणं जवळजवळ वर्ज्य. नवऱ्याने गुपचूप एक जुना, बावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर पाहून ठेवला होता. तो आम्ही घेतला. इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात ही बातमी फुटली तेव्हा एका काकूंनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, “घर विकलंत की काय गं?”

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. पिकअपच्या मागे पोलादी गोळा असतो, त्यावर ट्रेलरच्या दांडीचं तोंड बसवायचं, कडी लावायची आणि ओढत न्यायचं. मुक्कामाला पोचलं की घर तिथे सोडून पिकअप घेऊन हिंडायला मोकळे. आमच्या ट्रेलरमध्ये एका टोकाला मोठा पलंग, दुसऱ्या टोकाला मुलांसाठी एकावर एक दोन बर्थ, मधे ओटा, तीन शेगड्या, फ्रीज, आणि मोडून पलंग करता येईल असं जेवणाचं टेबल. एका कोपऱ्यात संडास आणि शॉवर. बाहेरून पाहताना सहा जण आत कसे मावतील असं वाटायचं. आत मावायचे, पण एका वेळी एकानेच उभं राहायचं असा नियम आपोआप लागू झाला.

या घराची जन्मकथा आमच्याच भागातली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसं मोटारीला तंबू बांधून फिरायची. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वी फायरस्टोन हेही १९१५ ते १९२४ या काळात स्वयंपाकी आणि सामानाच्या गाड्यांच्या लवाजम्यासह असे मुक्काम करत. कुटुंबाला परवडेल असं भक्कम भिंतींचं चाकावरचं घर लोकप्रिय केलं ते डेट्रॉइटच्या आर्थर शेरमन या जीवाणुशास्त्रज्ञाने. सुट्टीत घडीच्या तंबूने पावसात दगा दिला, म्हणून त्यांनी १९२९ च्या सुमारास स्वतःसाठी चौकोनी पेटीसारखा ट्रेलर बांधून घेतला. वाटेत भेटणारे लोक थांबून चौकशी करू लागले, तेव्हा त्यांनी त्याचाच धंदा केला. ‘कव्हर्ड वॅगन’ ही त्यांची कंपनी माउंट क्लेमेन्स गावात कारखाना काढून १९३० च्या दशकात देशातली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. आज हा उद्योग शेजारच्या इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या परिसरात एकवटला आहे. आमचा ट्रेलरही तिथलाच.

ट्रेलर दारात आला तेव्हा पहिली पंचाईत वजनाची. रिकामा ट्रेलर १,९०० किलोंच्या आसपास. त्यात पाणी, भांडी, डाळ-तांदूळ, सायकली. पिकअप किती ओढू शकतो याचा एक आकडा असतो आणि पाठीवर किती वाहू शकतो याचा दुसरा. दांडीवर येणारा भार आणि आत बसलेली माणसं या दुसऱ्या आकड्यात धरायची. नवरा कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येकाचं वजन विचारत फिरला. सासूबाईंनी सांगितलं नाही. “अंदाजानं लिही,” म्हणाल्या.

दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा असा नियम आहे. भार कमी पडला, म्हणजे सामान आसाच्या मागे जास्त झालं, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही आपल्याबरोबर खेचतो. हे सगळं नवऱ्याने दोन संध्याकाळी वाचून काढलं होतं. सासऱ्यांना वाचायची गरज पडली नाही. आबा कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातले ऊसवाले. गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून रात्री-अपरात्री कारखान्याच्या रांगेत उभं राहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, दांडी उचलून पाहिली, वाकून आस पाहिला आणि पोराला सांगितलं, “जड माल आसाच्या पुढं रचायचा. मागं रचलास तर ट्रॉली शेपटी हलवती.” तांदळाची पिशवी आणि पाण्याचे कॅन त्याच दिवशी पुढे सरकले.

ट्रेलर मागे घेण्याचा धडाही त्यांचाच. गाडी मागे घेताना स्टीअरिंग ज्या बाजूला वळवावं त्याच्या उलट दिशेला ट्रेलर जातो, आणि इथे भल्याभल्यांची गाळण उडते. एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आबांनी प्लास्टिकच्या बादल्या मांडून फाटक तयार केलं. “हात चाकाच्या खालच्या बाजूला धर. मागचं टोक जिकडं न्यायचं, तिकडं हात ने. आणि आरशात मी दिसायचा बंद झालो की गाडी थांबव.” हीच युक्ती इथल्या पुस्तकांतही दिलेली असते. थोडंसं वळवायचं, वाट पाहायची, लगेच सरळ करायचं. ट्रेलर जितका छोटा तितका तो पटकन वळतो, त्यामुळे घाई करून भागत नाही. मुलांनी विचारलं, “आजोबा, दोन ट्रॉल्या असल्या तर?” आबा म्हणाले, “तर मागं घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही.”

पहिला मुक्काम मुद्दाम घराजवळ ठेवला. हॉली रिक्रिएशन एरिया आमच्यापासून तासाभराच्या आत. तिथे मॅकगिनिस नावाच्या तळ्याकाठी कॅम्पग्राउंड आहे. नव्याने ट्रेलर घेणाऱ्याला इथले सगळे जाणकार हेच सांगतात: पहिल्यांदा अशा ठिकाणी जा, की काही राहिलं तर घरून आणता येईल. मिशिगनच्या सरकारी उद्यानांमधल्या जागा सहा महिने आधीपासून राखून ठेवता येतात. जुलैतल्या शनिवार-रविवारच्या चांगल्या जागा जानेवारीतच उडून जातात, घराजवळच्या मात्र आठवड्याच्या मधल्या वारी मिळून जातात.

पोचल्यावर कामांचा एक क्रम असतो आणि तो मोडायचा नसतो. आधी पाणसळ लावून ट्रेलर डावी-उजवीकडे समतल आहे का ते पाहायचं. नसेल तर खालच्या बाजूच्या चाकाखाली प्लास्टिकच्या फळ्या ठेवून त्यावर चढवायचा. मग चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. ठोकळे लागेपर्यंत पिकअप सोडायचा नाही, कारण पिकअप सुटल्यावर त्या दोन टनांना धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. मग दांडीचा जॅक फिरवून पुढची बाजू सारखी करायची, चारही कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे. समतल असण्याचा आग्रह नुसत्या झोपेसाठी नसतो. आमच्यासारख्या जुन्या ट्रेलरमधला फ्रीज गॅसवर किंवा विजेवर चालतो, पण त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण तापतं, वर चढतं आणि स्वतःच्या वजनाने नळ्यांतून खाली येतं. ट्रेलर कलता असेल तर ते अडून राहतं आणि फ्रीज गार होत नाही, पुढे बिघडतोही.

त्या संध्याकाळी प्रत्येकाला आपोआप एकेक काम मिळालं. पाणसळ आबांकडे. ठोकळे धाकटीकडे. पाण्याचा पांढरा पाइप आणि त्याच्या तोंडाशी दाब कमी करणारी चकती मुलाकडे. वीज जोडणं नवऱ्याकडे, गॅसच्या टाक्या माझ्याकडे. सासूबाईंनी आत जाऊन ओट्यावर विठ्ठलाची तसबीर ठेवली आणि चहाचं आधण चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावला, तेव्हा मी घड्याळ पाहिलं. रात्री दहा ते सकाळी आठ शांततेची वेळ असते आणि कॅनव्हासच्या तंबूंत कुकरची शिट्टी किती दुरून ऐकू येते याची मला कल्पना होती. आठ वाजून गेल्यावरच गॅस मोठा केला. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या साइटवरच्या आजी कॉफीचा मग घेऊन विचारायला आल्या, की तुमच्या गॅसच्या टाकीला काही झालंय का. सासूबाईंनी त्यांना बसवून मऊ भात, मेतकूट आणि तूप खायला घातलं. संध्याकाळी त्या आजी मुलांसाठी मार्शमेलोची पिशवी घेऊन आल्या. शेकोटीवर ते भाजून बिस्किट आणि चॉकलेटमध्ये दाबून खायचे, ही इथली रीत. मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे ते प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून आलेलं. माळकरी आजीपुढे नातवंडांची पंचाईत झाली. पुढच्या वेळेपासून भारतीय दुकानातून जिलेटिन नसलेले आणायला लागलो.

निघण्याच्या सकाळी सांडपाणी. ट्रेलरखाली तीन टाक्या असतात: पिण्याच्या पाण्याची, भांडी-आंघोळीच्या पाण्याची आणि संडासाची. आमची पहिली सुमारे १५० लिटरची, उरलेल्या दोन त्याहून लहान. कॅम्पग्राउंडच्या फाटकाजवळ जमिनीत एक तोंड असतं. जाड पाइप तिथे बसवून आधी संडासाची टाकी सोडायची, मग भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुऊन निघतो. हातमोजे सक्तीचे. सोवळं पाळत वाढलेल्या सासूबाईंना स्वयंपाकाच्या ओट्यापासून पाच पावलांवर संडास ही कल्पनाच सोसेना. त्या दिवसभर कॅम्पग्राउंडच्या स्वच्छतागृहाकडे चालत जायच्या. त्यामुळे आमची टाकी कधी लवकर भरली नाही आणि त्यांचं चालणंही झालं.

तिथून पुढे धीर वाढला आणि आम्ही पश्चिम किनारा गाठला. लुडिंग्टन स्टेट पार्क मिशिगन सरोवर आणि हॅमलिन तळं यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. उद्यानाकडे नेणारा एम-११६ हा रस्ता शेवटचे काही मैल वाळूच्या टेकड्या आणि सरोवर यांच्या मधून जातो. वाऱ्याने वाळू रस्त्यावर येत राहते. इथे पहिल्यांदा ट्रेलरने आम्हाला वारा शिकवला. ट्रेलरच्या बाजूला कापडाचा मांडव असतो. तो उघडला की दारात ओसरी तयार होते, पण सरोवरावरून पश्चिमेचा वारा सुटला की तोच मांडव शिडाचं काम करतो आणि त्याच्या दांड्या वाकतात. आबांनी पहिल्या दुपारीच झाडांचे शेंडे कुठे झुकलेत ते पाहून मांडव गुंडाळायला लावला. तासाभरात शेजारच्या दोन साइट्सवर मांडव धरून माणसं उभी होती.

कॅम्पग्राउंडपासून साधारण तीन किलोमीटर चालत गेलं की बिग सेबल पॉइंटचं दीपगृह लागतं. १८६७ साली ते पहिल्यांदा पेटलं. उंची ११२ फूट. मुळात विटांचं, पण वाऱ्या-पावसाने विटा झिजायला लागल्या, म्हणून १९०० साली त्याला लोखंडी पत्र्यांचं कवच घातलं. तेच आज काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत रंगवलेलं दिसतं. समुद्र नसलेल्या राज्यात एवढी दीपगृहं कशासाठी, हा आबांचा प्रश्न. पैलतीर दिसत नाही आणि लाटा उठतात हे पाहिलं, तेव्हा त्यांचा प्रश्न त्यांनीच सोडवला. लुडिंग्टन गावातल्या बंदरातून ‘बॅजर’ नावाची कोळशावर चालणारी वाफेची बोट गाड्या घेऊन विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याला जाते. ती १९५३ साली सेवेत आली. तिचा भोंगा मुलांनी मुक्कामभर नक्कल करून आमच्या कानात साठवला.

लुडिंग्टनमध्ये लाकडाची गोष्टही कळली. आमच्या अंगणात वाळलेली लाकडं पडलेली असतात, पण ती घरून नेऊ नयेत. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियातून आलेला हिरवा चमकदार भुंगा २००२ साली डेट्रॉइटच्याच भागात पहिल्यांदा सापडला. त्याच्या अळ्या अ‍ॅश झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि काही वर्षांत झाड मरतं. त्याने कोट्यवधी झाडं मारली. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला लांब नेलं ते शेकोटीचं लाकूड घेऊन फिरणाऱ्या माणसांनी. म्हणून जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं, किंवा उष्णतेची प्रक्रिया केलेली शिक्क्याची मोळी घ्यायची. त्या विकतच्या निखाऱ्यांवर आम्ही वांगं भाजलं आणि मिशिगनची गोड कणसं. आबांना कणीस फार गोड लागलं. त्यांनी त्यावर मीठ-तिखट चोळून हिशेब चुकता केला.

स्लीपिंग बेअर ड्यून्सला आम्ही मुद्दाम वीज नसलेला मुक्काम निवडला. मिशिगन सरोवराच्या काठावरचा हा किनारा १९७० पासून राष्ट्रीय संरक्षण मिळालेला. तिथलं प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंड विजेचं आणि शॉवरचं, तर डी. एच. डे कॅम्पग्राउंड साधं. झाडांच्या आडोशाला साइट, पाण्याचा नळ चालत जाऊन, आणि सरोवर हाकेच्या अंतरावर. विजेच्या खांबाशिवाय ट्रेलर म्हणजे एक १२ व्होल्टची बॅटरी आणि गॅसच्या दोन टाक्या. फ्रीज आणि गिझर गॅसवर चालतात. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर. मुलाने भिंतीवरच्या बटणाचा ताबा घेतला. ते दाबलं की टाक्या आणि बॅटरी किती भरल्यात ते छोट्या दिव्यांनी कळतं. सकाळी उठून तो ‘आजचा साठा’ जाहीर करायचा. शॉवर घेताना अंग भिजवायचं, पाणी बंद, साबण, मग पुन्हा पाणी. घरी ज्याला नळ बंद कर म्हणून दहा वेळा सांगावं लागायचं, तोच दारात उभा राहून बापाला “झालं का?” विचारायला लागला.

इथे पिअर्स स्टॉकिंग नावाचा सात मैलांहून थोडा लांब निसर्गमार्ग आहे. त्यावर ट्रेलर न्यायला बंदी आहे, म्हणून घर साइटवर ठेवून पिकअपने गेलो. वाटेतल्या एका कड्यावरून सरोवर साडेचारशे फूट खाली दिसतं. वाळूचा उतार इतका तीव्र की खाली घसरत जाणं सोपं आणि वर येणं फार दमवणारं. तसा इशारा देणारी पाटीही आहे. मुलांची हौस आम्ही पायथ्याच्या ‘ड्यून क्लाइम्ब’वर भागवली. या जागेचं नाव अनिशिनाबे लोकांच्या कथेतून आलं. विस्कॉन्सिनच्या बाजूला वणवा पेटला, तेव्हा एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन सरोवर पोहून निघाली. ती काठाला लागली, पिल्लं काठाच्या अलीकडेच बुडाली. ती कड्यावर बसून वाट पाहत राहिली आणि वाळूने झाकली गेली. पिल्लांची दोन बेटं झाली, नॉर्थ आणि साउथ मॅनिटू. सासूबाईंनी कथा ऐकून लगेच हिरकणी सांगितली, म्हणून त्या रात्री मुलांना एक गोष्ट जास्त मिळाली.

उत्तर मिशिगनच्या किनाऱ्यावर षटकोनी नक्षीचे पेटोस्की दगड सापडतात. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ उष्ण समुद्र होता, त्यातल्या प्रवाळांचे ते जीवाश्म. कोरडे असताना ते राखाडी दिसतात, भिजले की नक्षी उमटते. राष्ट्रीय किनाऱ्यावरून ते उचलून नेता येत नाहीत. मुलं दगड पाण्यात बुडवून पाहायची, एकमेकांना दाखवायची आणि परत ठेवायची. जूनअखेरीस इथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, कारण मिशिगन आपल्या कालपट्ट्याच्या पश्चिम टोकाला आहे. खरा अंधार पडायला अकरा वाजून जातात. तोवर जागी राहिलेली मंडळी आबांबरोबर तारे पाहायची. ध्रुव दाखवताना आबांची मान नेहमीच्या उंचीवर गेली आणि तिथे तो नव्हता. कोल्हापुरात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर असतो. जितका अक्षांश तितकी त्याची उंची, आणि हा किनारा जवळजवळ ४५ अंशांवर आहे. ध्रुव अर्ध्या आभाळात जाऊन बसला होता. ट्रेलर ओढत आपण किती उत्तरेला आलो ते आबांनी तेव्हा मानेने मोजलं.

आणखी उत्तरेला जायचं तर मॅकिनॉ पूल ओलांडावा लागतो. मिशिगनचे दोन भूभाग एका सामुद्रधुनीने तोडलेले आहेत. पूल होईपर्यंत गाड्या फेरीबोटीने जायच्या, आणि नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीच्या दिवसांत तासन् तास रांगा लागायच्या. १ नोव्हेंबर १९५७ रोजी डेव्हिड स्टाइनमन यांनी आखलेला हा झुलता पूल खुला झाला. लांबी सुमारे पाच मैल, मनोरे पाण्यापासून ५५२ फूट उंच, आणि मध्यावर रस्ता पाण्यापासून दोनशे फुटांवर. आतल्या बाजूच्या मार्गिका पोलादी जाळीच्या आहेत, म्हणजे वारा खालून वर निघून जातो आणि पुलावरचा दाब कमी होतो. त्या जाळीतून खाली पाणी दिसतं. बाहेरच्या मार्गिका पक्क्या. वारा वाढला की पाट्यांवर वेग ताशी २० मैलांवर उतरतो. आणखी वाढला की ट्रेलरसारख्या उंच अंगाच्या वाहनांना थांबवून पुलाची माणसं सोबत करून पार नेतात. ज्यांचा धीरच होत नाही, त्यांची गाडी पुलाचे कर्मचारी चालवून देतात.

आम्ही पोचलो तेव्हा २० चा आकडा लागलेला होता. नवऱ्याने बाहेरची मार्गिका धरली. पाच मैल त्या वेगाने म्हणजे पंधरा मिनिटं. वाऱ्याचा झोत आला की ट्रेलर हलकेच खेचायचा आणि दांडीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या पोलादी पट्ट्या त्याला आवरून धरायच्या. सासूबाईंनी हरिपाठ सुरू केला. पूल संपला तरी हरिपाठ संपला नव्हता, म्हणून सेंट इग्नसच्या पहिल्या वळणावर गाडी बाजूला घेऊन आम्ही तो पुरा होईपर्यंत थांबलो.

टाक्वामेनॉन धबधब्याच्या उद्यानात, खालच्या धबधब्यांजवळ आमचा मुक्काम होता. वरचा धबधबा दोनशे फुटांहून रुंद आणि जवळजवळ पन्नास फूट उंच. त्याचं पाणी तपकिरी. “कोऱ्या चहासारखं दिसतंय,” सासूबाई म्हणाल्या, आणि कारणही जवळपास तेच निघालं. नदी सीडरच्या दलदलीतून येते, झाडांतलं टॅनिन पाण्यात उतरतं. पाण्यात खनिजं कमी, त्यामुळे आपटल्यावर फेस खूप होतो आणि लांबवर वाहत जातो. मुलांनी लगेच चौकशी केली, की आपली टाकी या नदीतून भरणार का. कॅम्पग्राउंडच्या नळाचं पाणी स्वच्छ होतं, तरी सासूबाईंनी ते गाळून घेतलं.

तिथून व्हाइटफिश पॉइंट जवळ आहे. सुपीरियर सरोवराच्या त्या टोकाला बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय आहे. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे ७२९ फुटी मालवाहू जहाज २९ माणसांसह इथून जवळच बुडालं. त्याची घंटा १९९५ मध्ये वर काढली, ती संग्रहालयात ठेवली आहे. पुलावर ट्रेलर हलकेच खेचणारा वारा या सरोवरावर काय करू शकतो ते तिथे उमगलं. परतताना पुलाच्या आधी आबांनी स्वतःहून चौकशी केली: “आज वारा किती मैलांचा हाय?”

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांनी विचारणा केली, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते. घेण्याआधी एकदा भाड्याने घेऊन पाहा. ट्रेलरच्या जाहिरातीतलं वजन रिकाम्याचं असतं, भरल्यावरचं कमाल वजन ट्रेलरवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. ताशी साठ मैलांच्या पुढे जाऊ नका. ट्रेलरचे बरेच टायर ६५ मैलांपर्यंतचेच असतात, आणि थांबायला लागणारं अंतर तुमच्या सवयीपेक्षा खूप जास्त असतं. प्रवासात गॅसच्या टाक्या बंद ठेवा. पहिली जागा निवडताना साइटमध्ये सरळ पुढून शिरता येतं का ते नकाशावर बघा.

आणि एकाच ठिकाणी निदान तीन रात्री राहा. पोचण्याची संध्याकाळ मांडामांडीत जाते, निघण्याची सकाळ आवराआवरीत. मधला दिवस कुठेही न जाता साइटवर घालवा. गाडीने फिरताना आम्ही हेच राज्य काचेतून पाहिलं होतं आणि त्यातलं आम्हाला फार थोडं आठवतं. ट्रेलरला जमिनीचा उतार विचारावा लागतो, वाऱ्याची दिशा, पाण्याचा साठा, लाकूड कुठलं ते सगळंच विचारावं लागतं, आणि या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता जागा ओळखीची होते. सकाळी उठल्या उठल्या मुलं वायफायऐवजी टाकीत पाणी किती आहे हे विचारू लागली, की पुढची साइट राखून ठेवायला हरकत नाही.